पेशींना वाट कशी सापडते : वर्गात करून दाखवण्याचा प्रयोग

गुलाबाचा काटा बोटात रुतला की काही तासांतच तेथे लाली चढते आणि ठणका लागतो, हे मोगलकाळात गुलशनाबाद म्हणवल्या गेलेल्या नाशिकमधील मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचेच काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती भटक्या पेशींचा गराडा पडलेला पाहिला. या पेशींना वाट कशी सापडते, हे नववीच्या वर्गात करून दाखवता येते.

आदल्या संध्याकाळी २०० मिलिलिटर पाण्यात सपाट चमचाभर अगर पावडर (समुद्री शेवाळापासून केलेली, थंड झाल्यावर जेलीसारखी घट्ट बसणारी भुकटी) पूर्ण विरघळेपर्यंत उकळावी. अर्धे मिश्रण काचेच्या बशीत तसेच ओतावे. उरलेल्या मिश्रणात खाण्याच्या निळ्या रंगाचे दोन थेंब ढवळून ते दुसऱ्या बशीत ओतावे. नाशिकच्या मे महिन्यातील दुपारी अगर बसायला वेळ लागतो, तेव्हा बशा फ्रिजमध्ये ठेवाव्यात. पहिल्या बशीत स्ट्रॉने दोन भोके तीन-चार सेंटिमीटर अंतरावर पाडून एकात निळा आणि दुसऱ्यात लाल रंग घालावा. सकाळपर्यंत प्रत्येक भोकाभोवती बाहेर फिकट होत जाणारे कडे तयार होते. भोक म्हणजे जखम आणि पसरणारा रंग म्हणजे तेथून पेशींना बोलावणारे रसायन, असे मानावे.

आता पुठ्ठ्याला अर्ध्या सेंटिमीटरची खिडकी कापून ती, म्हणजे आपली पेशी, निळ्या कड्यावर ठेवावी आणि भोक कोणत्या बाजूला आहे, हे मुलांना विचारावे. खिडकीची एक कड गडद आणि दुसरी फिकट दिसत असल्यामुळे उत्तर लगेच येते. दुसऱ्या बशीवर तीच खिडकी ठेवली, तर रंग भरपूर असूनही दिशा सांगता येत नाही. येथे घाई करू नये, कारण सगळे मर्म येथेच आहे : पेशी रसायन किती आहे यावरून नव्हे, तर आपल्या दोन टोकांमधील फरकावरून दिशा ठरवते. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी असते. तरीही दोन टोकांमधील एक-दोन टक्क्यांचा फरक तिला पुरतो.

मग बशीखाली पांढरा कागद ठेवून खिडकीवर लाल जिलेटिन पेपर लावावा. लाल कडे जवळजवळ नाहीसे होते, निळे काळपट उठून दिसते. पेशीवरील ग्राही, म्हणजे रसायन ओळखणारा रेणू, असाच निवडक असतो : सीसीआर७ हा ग्राही असलेली डेंड्रायटिक पेशी (जंतूंची खबर नेणारी पांढरी पेशी) सीसीएल२१ या रासायनिक संदेशाच्या मागाने लसीका ग्रंथीत (पांढऱ्या पेशी जमण्याच्या गाठीत) पोहोचते आणि तोच ग्राही असलेली टी पेशी ही दुसरी पांढरी पेशी तिला तेथे भेटते.

शेवटी निळ्या कड्याच्या काठावर निळ्या रंगाचा आणखी एक थेंब घालून तासाभराने पाहावे. निळा रंग आणखी बाहेर पसरलेला दिसतो. काट्यापाशी पोहोचलेली न्यूट्रोफिलही ल्युकोट्राइन बी४ हे रसायन स्वतः सोडते, आणि मूळ संदेश जेथवर पोहोचला नव्हता, तेथील न्यूट्रोफिलही त्यामुळे काट्याकडे वळतात.