आर मार्कडाऊनचं मोठं डॉक्युमेंट निट व्हायला तासभर लागतोय? मग हे करून बघा

थिसिस नाहीतर ऑफिसचा दीडदोनशे पानी रिपोर्ट आर मार्कडाऊनमध्ये (मजकूर आणि आर भाषेचा कोड एकाच फाईलमध्ये लिहायची पद्धत) चाललाय, आत कोडचे ढीगभर चंक, म्हणजे तुकडे, आहेत, आणि एक स्वल्पविराम बदलून निट (कोड चालवून तयार डॉक्युमेंट बनवणारं बटण) दाबलं तर चहा करून पिऊन कप धुवून झाला तरी पीडीएफ आलेली नसते, अशा लोकांसाठी लिहितेय. क्वार्टो (आर मार्कडाऊनचा नवा भाऊ) वापरणाऱ्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल, जिथे वेगळं आहे तिथे सांगते.

पहिली गोष्ट, कुणीतरी सांगितलं म्हणून सगळ्या चंकना सरसकट कॅश (म्हणजे आधीचा निकाल साठवून तोच परत वापरणं) लावू नका. आधी वेळ कुठे जातोय ते बघा. निट दाबलं की तीन कामं एकामागून एक होतात: निटर तुमचा कोड चालवून साधी मार्कडाऊन फाईल बनवतं, मग पँडॉक त्याचं लेटेक (छपाईची मांडणी करणारी भाषा) किंवा एचटीएमएल करतं, आणि पीडीएफ हवी असेल तर शेवटी लेटेक ती बनवतं. आरस्टुडिओच्या रेंडर पॅनमध्ये चंकांची नावं सरकताना दिसतात, तिथे एखाद्या नावावर गाडी अडली तर दुखणं कोडमध्ये आहे, आणि सगळे चंक भराभर संपून मग नुसतीच शांतता पसरली तर पँडॉक नाहीतर लेटेक. या दोघांत कोण ते कळायला फाईलच्या सुरुवातीच्या सेटिंग्जमध्ये 'कीप टेक' ट्रू करा आणि बनलेली टेक फाईल वेगळी कंपाईल करून वेळ बघा.

आता कोडच हळू असेल तर. सगळ्यात आधी चंकना नावं द्या, प्लीज. नाव नसलं की निटर स्वतःच १, २, ३ असे नंबर देतं, तुम्ही मधे एक नवा चंक घुसवला की पुढचे सगळे नंबर सरकतात आणि त्या सगळ्यांची कॅश वाया जाते, लोक मग म्हणतात कॅश चालतच नाही. कॅश कशी ओळखते तर चंकमधला कोड आणि त्याचे ऑप्शन्स यांचा एमडी५ हॅश (मजकुरावरून बनवलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) काढून, म्हणजे आकृतीची रुंदी ६ ची ७ केली तरी तिच्या लेखी तो नवा चंक. म्हणून मॉडेल आणि त्याचा ग्राफ एकाच चंकमध्ये ठेवू नका, नाहीतर ग्राफ जरा रुंद करायला अख्खं मॉडेल परत चालतं. दोन वेगळे चंक करा, मॉडेलवाल्याला कॅश ट्रू, ग्राफवाल्याला काही नको.

पण कॅशला डोळे नसतात. डेटाची सीएसव्ही बदलली आणि कोड तोच राहिला तर तिला पत्ताच लागत नाही, ती जुनेच आकडे छापत बसते. यावर उपाय 'कॅश डॉट एक्स्ट्रा', त्यात फाईलची शेवटची बदललेली वेळ किंवा एमडी५ द्यायचा, मग फाईल बदलली की चंक परत चालतो. तसंच एक चंक दुसऱ्याच्या निकालावर अवलंबून असेल तर 'डिपेंड्सऑन' मध्ये त्या पहिल्या चंकचं नाव लिहा. पॅकेजेस लोड करणारा किंवा ऑप्शन्स सेट करणारा चंक मात्र कधीच कॅश करू नका. माझं मत विचाराल तर थिसिसमध्ये हळू निट परवडलं, शिळे आकडे परवडत नाहीत.

खरंच जड काम असेल, म्हणजे स्टॅन या सॉफ्टवेअरची सांख्यिकी मॉडेल्स, हजारो वेळा बूटस्ट्रॅप (डेटातून पुन्हा पुन्हा नमुने काढणं) वगैरे, तर ते डॉक्युमेंटमध्ये ठेवायचंच कशाला? वेगळ्या स्क्रिप्टमध्ये चालवा, निकाल आरडीएस (आरची स्वतःची डेटा) फाईलमध्ये सेव्ह करा आणि डॉक्युमेंटमध्ये फक्त वाचून घ्या. अशा पायऱ्या खूप झाल्या की टार्गेट्स पॅकेज शिकून घ्या, काय बदललं आणि काय परत चालवायचं हे ते स्वतः बघतं. क्वार्टोचा प्रोजेक्ट असेल तर 'फ्रीझ ऑटो' भारी आहे, फाईल बदलली नसेल तर तिचा कोड चालतच नाही. फक्त हे अख्खा प्रोजेक्ट रेंडर करताना लागू होतं, एकच फाईल रेंडर केली की कोड चालतोच, त्यामुळे फ्रीझ बिघडलंय असं समजू नका.

कोड पटकन संपतो पण लेटेक रडतंय? आकृत्या बघा. पीडीएफमध्ये आकृत्या सहसा व्हेक्टर असतात, म्हणजे दोन लाख ठिपक्यांच्या स्कॅटर प्लॉटमध्ये दोन लाख ठिपके एकेक करून लिहिलेले असतात, फाईल फुगते आणि उघडायलाही जड जाते. तेवढ्या चंकला डिव्हाइस पीएनजी आणि डीपीआय ३०० द्या, बाकीच्या साध्या रेषांच्या ग्राफना व्हेक्टरच राहू दे.

एचटीएमएलमध्ये वेगळीच भानगड, आर मार्कडाऊन डीफॉल्टने सगळ्या इमेजेस त्याच एका फाईलमध्ये कोंबतं, काम चालू असेपर्यंत 'सेल्फ कंटेन्ड' फॉल्स ठेवा. आणि झोटेरो या संदर्भ साठवायच्या सॉफ्टवेअरची अख्खी लायब्ररी बिब फाईल (संदर्भांची यादी) म्हणून जोडली असेल तर ती पँडॉकला दरवेळी पूर्ण वाचावी लागते, वापरलेल्या संदर्भांचीच छोटी फाईल काढा.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगते. देवनागरी मजकूर आहे म्हणजे लेटेकचे झीलेटेक किंवा लुआलेटेक हे प्रकार लागणारच, नेहमीच्या पीडीएफलेटेकचा वेग इथे विसरा. लुआलेटेक पहिल्यांदा चालवलं की फॉन्टचा डेटाबेस बनवत बसतं, ते लटकलंय समजून बंद करू नका, पुढच्या वेळी तेवढा वेळ लागत नाही. शिवाय अनुक्रमणिका आणि क्रॉस रेफरन्स जुळवायला लेटेक एकाच वेळी दोनतीनदा फिरतं, ते टळत नाही. म्हणून रोजचं वाचन एचटीएमएलवर करा, गाईडला पाठवायच्या दिवशीच पीडीएफ काढा.

सबमिशनच्या आधी मात्र कॅशचं फोल्डर डिलीट करा, फ्रीझचंही, आर नव्याने सुरू करा आणि रात्री झोपताना एकदा सगळं पहिल्यापासून निट व्हायला लावा. आदल्या रात्री नको, चारेक दिवस हातात ठेवून, कारण कुठलातरी आकडा बदललेला निघाला तर त्याखालचा परिच्छेदही परत लिहावा लागतो.