दह्याच्या जिवाणूंतून लॅक्टेज शुद्ध करताना

खानापूर, चिकोडी, निपाणीकडचं घरचं विरजण घेऊन प्रकल्प करायचा असेल, तर आधी जिवाणू पारखा. दही झकास लागतं म्हणून त्यात बीटा-गॅलॅक्टोसिडेज, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) तोडणारं लॅक्टेज एन्झाइम, असेलच असं नाही. दह्यातले बरेच लॅक्टोकॉकस लॅक्टोज आत घेतानाच त्याला फॉस्फेट जोडतात आणि वेगळ्याच एन्झाइमने तोडतात. ते एन्झाइम साध्या ओएनपीजीला, म्हणजे लॅक्टेजने तुटल्यावर पिवळा रंग देणाऱ्या चाचणी-पदार्थाला, हात लावत नाही. आठवडे वाया जातात ते इथेच. म्हणून ग्लुकोजऐवजी लॅक्टोज घातलेल्या एमआरएस अगरमध्ये (दह्याचे जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) एक्स-गॅल, म्हणजे लॅक्टेजने तुटल्यावर निळा होणारा पदार्थ, मिसळा आणि निळ्या वसाहतीच उचला.

तयार एमआरएस पावडरीत ग्लुकोज असतं. त्यावर लॅक्टोज टाकून भागत नाही, ग्लुकोज असेपर्यंत एन्झाइम दबलेलंच राहतं. घटक वेगवेगळे घेऊन 2 टक्के लॅक्टोजचं माध्यम बनवा. वाढीचा जोर ओसरू लागला की पेशी काढा. रात्रभर आंबत ठेवल्या तर आम्लाने एन्झाइम मरतं.

पेशी खाली बसवायला सेंट्रिफ्यूजमध्ये 4 अंशांवर 8,000 जी (गुरुत्वाच्या 8,000 पट) बलाने 10 मिनिटं फिरवा. 50 मिलीमोलर फॉस्फेट बफर, पीएच 6.8, त्यात 1 मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइड. याने पेशी दोनदा धुवा. धातू बांधून ठेवणारं ईडीटीए घालू नका, ते एन्झाइमला लागणारं मॅग्नेशियम ओढून घेतं. एन्झाइम पेशीच्या आत असतं, त्यामुळे ध्वनिलहरींनी पेशी फोडणारा सोनिकेटर लागतो: 30 सेकंद चालू, 30 सेकंद बंद, नळी सतत बर्फात. एप्रिल-मे महिन्यांत बर्फ भराभर वितळतो, त्यामुळे जास्तीचा हाताशी ठेवा. द्रावण तापून फेसाळलं की एन्झाइम गेलंच समजा.

फुटलेल्या पेशींचे तुकडे सेंट्रिफ्यूजने खाली बसवून वरचं द्रावण घ्या. 0 अंशांवर दर 100 मिलीला सुमारे 23 ग्रॅम अमोनियम सल्फेट थोडं थोडं घालून 40 टक्के संपृक्तता गाठा, साका टाका, मग आणखी 19 ग्रॅमने 70 टक्क्यांवर जा. हा साका तुमचा. ऊसपट्ट्यातल्या खतदुकानातलं स्वस्त अमोनियम सल्फेट वापरू नका. त्यातले जड धातू एन्झाइम मारतात. साका बफरमध्ये विरघळवून डायलिसिस करा, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून क्षार बाहेर जाऊ द्या, आणि बफर तीनदा बदला. क्षार उरला तर पुढे डीईएई स्तंभावर (विद्युतभारानुसार प्रथिनं धरून ठेवणारी नळी) एन्झाइम चिकटतच नाही. चिकटल्यावर 0 ते 0.5 मोलर मिठाच्या चढत्या द्रावणाने उतरवा.

मोजणी ओएनपीजीने 37 अंशांवर करा. क्रिया थांबवायला तेवढ्याच आकारमानाचं 1 मोलर सोडियम कार्बोनेट घाला आणि 420 नॅनोमीटरवर वाचा. पिवळा रंग अल्कधर्मी द्रावणातच पूर्ण खुलतो. कार्बोनेट कमी पडलं तर आम्लधर्मी बफरमधले आकडे खोटे कमी येतात आणि पीएचचा आलेख फसतो. प्रत्येक पायरीला ब्रॅडफोर्ड या रंग-चाचणीने प्रथिन मोजून प्रति मिलिग्रॅम क्रियाशीलता लिहा, नाहीतर शुद्धीकरण किती पट झालं ते सांगताच येणार नाही.

प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर 72 आणि 35 किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं एकक) दोन पट्ट्या दिसल्या तर नमुना लगेच अशुद्ध ठरवू नका. लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमसारख्या जातींत हे एन्झाइम दोन वेगळ्या साखळ्यांचंच असतं. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसची एकच पट्टी, 116 किलोडाल्टनच्या आसपास, येते.