कोर्टाची केस मोबाईलवर कशी बघायची, आणि वेळ आली तर फाईल कशी करायची (इंदूरच्या मंडळींसाठी)

आमच्या मामांची घराच्या वाटणीची केस २०१६ पासून चालू आहे, इंदूरच्या जिल्हा कोर्टात. दर पंधरा दिवसांनी मामा वकिलांना फोन लावणार, वकील उचलणार नाहीत, मुंशी उचलणार आणि म्हणणार "पेशी बढ़ गई बाबूजी, बता देंगे" (पेशी म्हणजे सुनावणीची तारीख). असं सात-आठ वर्षं चाललं. मग एकदा मी सहज म्हटलं बघू तरी ई-कोर्ट्स या कोर्टाच्या सरकारी साईटवर काय दिसतंय, तर मामांचं नाव टाकलं आणि आलं रेकॉर्ड नॉट फाउंड. मी दोन दिवस स्पेलिंग बदलत बसले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की खाली पेंडिंग, डिस्पोज्ड, बोथ असे तीन गोल असतात आणि मी पेंडिंगवरच अडकलेय. डिस्पोज्ड केलं आणि केस समोर! आमच्याकडून कोणी हजर नाही म्हणून खारिज, ज्याला इथे कोर्टात अदम पैरवी म्हणतात. अशी केस परत उभी करायचा अर्ज खारिज झाल्या तारखेपासून ३० दिवसांत द्यावा लागतो आणि त्या दिवशी बाविसावा दिवस होता. मामांना तर अजून पेशीच वाढतेय असं वाटत होतं.

तेव्हापासून नात्यातले निम्मे लोक मला विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी वकील नाही हे आधीच सांगते, पण ही साईट मात्र मला आता पाठ झालीये.

पहिलं म्हणजे तुमची केस नक्की कुठे आहे ते घरात नीट विचारा. आपल्याकडे "कोर्टात केस आहे" म्हणतात आणि निघते तहसीलदाराकडे. नामांतरण, सीमांकन, बटवारा ही रेव्हेन्यूची प्रकरणं, मध्य प्रदेशात ती आरसीएमएस नावाच्या वेगळ्या पोर्टलवर असतात, ई-कोर्ट्सवर जन्मभर शोधलं तरी सापडणार नाहीत. दिवाणी, फौजदारी, चेक बाऊन्स, फॅमिली कोर्ट वगैरे ई-कोर्ट्सवर. हायकोर्टाचं तिसरंच. मुख्य हायकोर्ट जबलपूरला, खंडपीठं इंदूर आणि ग्वाल्हेरला, आणि साईट तिघांची एकच, मध्य प्रदेश हायकोर्टाची, तिथे आधी इंदूर निवडायचं नाहीतर जबलपूरच्या त्याच नंबरची भलत्याच माणसाची केस उघडते (मी एकदा घाबरले होते).

साईट किंवा ॲप, दोन्हीचं नाव ई-कोर्ट्स सर्व्हिसेस. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का बघा. गूगलवर शोधलं की आधी खाजगी साईटी येतात, तीच माहिती उचलून दाखवतात, कधी जुनी असते आणि कधी वर पैसे मागतात. सरकारी साईटवर केस बघायला, ऑर्डर उघडायला एक पैसा लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सीएनआर नंबर, म्हणजे केसचा स्वतःचा ओळख नंबर. हे एकदा मिळालं की बाकी सगळं सोपं. सोळा अक्षर-आकड्यांचा असतो, मध्य प्रदेशातला असेल तर सुरुवात एम-पी ने आणि शेवटचे चार आकडे म्हणजे वर्ष. टाकताना मधे रेघ नाही, जागा नाही, सलग. केस एका जजसाहेबांकडून दुसऱ्यांकडे गेली तरी हा नंबर तोच राहतो, म्हणून कोर्ट नंबर लक्षात ठेवण्यापेक्षा हा ठेवा. वकिलांकडून मागून घ्या आणि फाईलच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहा. मागायला संकोच वाटतो लोकांना, वकिलांवर विश्वास नाही असं वाटेल म्हणून, अहो तुमच्याच केसचा नंबर आहे तो!

सीएनआर नसेल तर पार्टीच्या नावाने शोधायचं, आणि इथे आपली मराठी आडनावं जाम घोळ करतात. नाव इंग्रजी अक्षरात टाकायचं असतं आणि ते टाईप करणारा बाबू हिंदीवाला, त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं. देव आडनाव आपण शेवटी ओ लावून लिहितो, तो व्ही लावतो. पुराणिकांचं पौराणिक होतं. वाघ मधे ए एक का दोन, व्ही का डब्ल्यू, देव जाणे. तर पूर्ण नाव टाकूच नका. कमीत कमी तीन अक्षरं लागतात, तेवढीच टाका, वर्ष टाका, बोथ निवडा आणि यादीत डोळ्यांनी शोधा. तरी नाही सापडलं तर समोरच्या पार्टीच्या नावाने बघा, त्यांचं नाव सोपं असेल तर. फौजदारी असेल तर पोलीस ठाणं आणि एफआयआर नंबरवरून पण निघतं. आणि हो, वर्ष म्हणजे केस दाखल झाली ते, भांडण सुरू झालं ते नाही, आमच्याकडे या दोन्हीत नऊ वर्षांचा फरक आहे.

केस उघडली की लोक फक्त पुढची तारीख बघतात आणि बंद करतात. थांबा जरा. खाली केस हिस्ट्री म्हणून तक्ता असतो, त्यात प्रत्येक पेशीची तारीख निळ्या रंगात, तिच्यावर बोट ठेवलं की त्या दिवशी काय झालं ते उघडतं. दोन-तीनच ओळी असतात पण त्यात सगळं कळतं, कोण हजर होतं, कोणी वेळ मागून घेतला, साक्षीदार आला होता का. बाजूच्या रकान्यात पुढची पेशी कशासाठी ठेवलीये ते असतं, म्हणजे पुरावा, बहस (युक्तिवाद), नोटीस तामील (समोरच्याला नोटीस पोचणं) असं काही. मामांच्या हिस्ट्रीत लागोपाठ चार पेशी आमच्याच बाजूने वेळ मागितलेला दिसला, आणि पाचवीला खारिज. हे वाचून वकिलांना भेटायला गेलात की बोलणंच वेगळं होतं. "साहेब काय झालं" असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर मिळतं, पण "अमुक तारखेला आपण वेळ का मागितला" म्हटल्यावर समोरचा फाईल उघडतो.

एक मात्र आहे, त्याच दिवशी संध्याकाळी तारीख चढलेलीच असेल असं नाही. कधी दुसऱ्या दिवशी, कधी आणखी उशिरा. त्यामुळे जवळची पेशी असेल तर साईट आणि वकील दोन्हीकडे विचारा, आणि आदल्या दिवशी कॉज लिस्ट, म्हणजे त्या दिवशी लागणाऱ्या केसेसची यादी, बघा, आपला नंबर कितवा ते कळतं.

ॲपमध्ये सीएनआर टाकून केस सेव्ह करून ठेवता येते, माय केसेस मध्ये. पण ती यादी तुमच्या फोनमध्येच असते, फोन बदलला की गेली, म्हणून आधी बॅकअपची एक्स्पोर्ट फाईल काढून स्वतःला मेल करून ठेवा.

आता ऑर्डर आणि नक्कल. साईटवर ऑर्डरची पीडीएफ मिळते, डाउनलोड करा, वाचा, जावयाला व्हॉट्सॲप करा, सगळं ठीक, पण ती नक्कल नव्हे. अपील करायचं, बँकेत द्यायचं, कुठल्या ऑफिसात लावायचं तर प्रमाणित प्रतच लागते, शिक्क्याची, आणि ती कोर्टाच्या नकल शाखेत अर्ज करूनच मिळते. निकाल विरुद्ध गेला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज टाका. कारण दिवाणी दाव्याच्या अपिलाला जिल्हा कोर्टात ३० दिवस आणि हायकोर्टात ९० दिवस असतात, आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात कलम १२ मध्ये नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. पण अर्ज केल्यापासूनचाच होतो, तुम्ही साईटवरची पीडीएफ बघत घरी बसलात तो नाही होत.

काहीजण म्हणतात आरटीआय टाकू. कोर्टातल्या कागदांच्या नकलांसाठी त्याचा उपयोग नाही, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात सांगून टाकलंय की हायकोर्टाचे स्वतःचे नियम आहेत, नकला त्याच नियमांनी घ्या. तुम्ही केसमध्ये पार्टी नसाल तरी अर्ज करता येतो, पण कागद कशाला हवाय ते कारण द्यावं लागतं.

भाषेचं पण सांगते. आपल्या जिल्हा कोर्टातल्या ऑर्डरी हिंदीत, हायकोर्टातल्या बहुतेक इंग्रजीत, पण १९७१ पासून मध्य प्रदेश हायकोर्टात हिंदीतही निकाल देता येतो. हायकोर्टाच्या निकालावर वर एक न्यूट्रल सायटेशन, म्हणजे त्या निकालाचा ओळख नंबर, असतं, त्यात इंदूरसाठी आय-एन-डी अशी अक्षरं येतात, तेवढा नंबर दिला की वकील लगेच निकाल काढतो. बडोद्याच्या आत्याची केस मी इथूनच बघते, साईट तीच, फक्त राज्य गुजरात निवडायचं, पण ऑर्डर गुजरातीत निघते आणि मग मला आत्यालाच फोन करून वाचून घ्यावी लागते.

ई-फाईलिंगकडे येऊ. त्याची साईट वेगळी, खातं काढावं लागतं, वकिलांना बारचा नंबर लागतो आणि आपण स्वतः आपली केस लढत असू तर ओळखपत्र. स्वतः फाईल करता येतं, पण सरळ सांगते, साधा अर्ज असेल तर ठीक, अख्खा दावा स्वतः टाकायला जाऊ नका. आमचा अर्ज नवीन वकिलांच्या ज्युनिअरने टाकला, मी शेजारी बसून बघत होते आणि अर्धा दिवस गेला, कारण तयारीच नव्हती. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं, केसचा प्रकार, दोन्हीकडच्या लोकांची नावं-पत्ते, कुठला कायदा, मग कागद चढवायचे, सही, फी भरायची आणि सबमिट. ऐकायला दहा मिनिटांचं काम. वेळ खातात ते कागद.

कोर्टाबाहेरचे टायपिस्ट अजून कृतीदेव फॉन्टमध्ये हिंदी टाईप करतात. छापून छान दिसतं, पण पीडीएफमध्ये शब्द शोधायला गेलात की आत नुसता अक्षरांचा चिवडा, आणि ई-फाईलिंगला शोधता येईल अशी पीडीएफ हवी असते. त्याला आधीच सांगा की युनिकोडमध्ये, मंगल फॉन्टमध्ये कर. जुने कागद फोनने फोटो काढून टाकू नका, सावली येते, कडा कापल्या जातात, स्कॅनरवर काळं-पांढरं, ३०० डीपीआय, ए-फोर. पानांवर सलग नंबर घाला, अनुक्रमणिका करा, प्रत्येक कागदाची फाईल वेगळी आणि नाव असं द्या की उघडल्याशिवाय कळेल. आमच्या एका फाईलचं नाव स्कॅन ००४७ होतं, तीच नेमकी शपथपत्राची निघाली, आणि तिच्यावर सही नव्हती.

सहीला आधारचा ओटीपी चालतो, त्यासाठी आधारला आत्ता वापरात असलेला मोबाईल नंबर जोडलेला हवा. मामांचा बीएसएनएलचा होता, जो केव्हाच बंद पडलाय. हे आदल्या दिवशी तपासा.

सबमिट झालं म्हणजे दाखल झालं असं नाही. आधी फक्त ई-फाईलिंग नंबर मिळतो, मग कोर्टातला माणूस कागद तपासतो, चूक असेल तर ऑब्जेक्शन लावून परत पाठवतो, ते दुरुस्त करून पुन्हा चढवायचं, आणि मग केस नंबर पडतो. म्हणून खात्यात रोज डोकवा. मुदतीच्या शेवटच्या रात्री साडेअकराला बसण्याचा विचारही करू नका, सर्व्हर आणि ओटीपी दोघं मिळून बदला घेतात. कागदी प्रत पण द्यायची का ते फाईलिंगच्या खिडकीवर विचारून घ्या. कोर्टात ई-सेवा केंद्र असतं, स्कॅन आणि अपलोड करायला मदत करतात, वयस्कर माणसाला मी आधी तिथेच पाठवीन.

केस परत उभी करायचा अर्ज आमच्याकडे एमजेसी (मिसलेनियस ज्युडिशियल केस) म्हणून वेगळा नोंदला गेला, त्याला नवीन नंबर आणि नवीन सीएनआर. जुना टाकत बसलात तर डिस्पोज्डच दिसत राहणार, मामा दोन आठवडे तेच बघून रडकुंडीला आले होते.

सगळंच सगळ्यांना दिसतं असंही नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे घटस्फोटाच्या केसमधलं कामकाज छापायचं नाही, त्यामुळे तिथल्या ऑर्डरी उघडल्या नाहीत तर साईट बिघडली समजू नका. पण बाकीचं बरंच दिसतं बरं का, लग्न जमवताना मुलाकडच्यांचं नाव टाकून बघणारी माणसं मला माहीत आहेत. एकाच नावाचे दहा लोक असतात, वडिलांचं नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय कोणाबद्दल काही बोलू नका. आणि हायकोर्टाचं लाईव्ह स्ट्रीमिंग जरूर बघा, पण ते रेकॉर्ड करून त्याची रील टाकायची नाही, नियमात बसत नाही.

मामांच्या अर्जात समोरच्यांना नोटीस निघालीये. तामील झाली का ते मामा आता रोज संध्याकाळी चहा घेताना स्वतः बघतात, फक्त कॅप्चा दिसत नाही म्हणून मला हाक मारतात.