घर विकायला काढताय? सामान आवरताना आणि साठवताना या चुका टाळा

घर बघायला आलेली माणसं कपाटं उघडतात. त्यात आगाऊपणा नसतो, जागा किती आहे हे त्यांना बघायचंच असतं. आणि नेमक्या त्याच कपाटात आपण आदल्या रात्री हॉलमधला सगळा पसारा कोंबलेला असतो. दार उघडलं की उशा, वायरी, जुन्या फायली अंगावर येतात. समोरचा काही बोलत नाही, पण ‘या घरात सामान मावत नाही’ हे त्याच्या मनात पक्कं बसतं. प्रत्यक्षात कपाट चांगलं खोल असलं तरीही.

आवरण्याचं हे काम मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. त्यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. आवरायचं म्हणजे प्रत्येक वस्तूचा निर्णय घ्यायचा: ठेवायची, द्यायची की टाकायची. तो निर्णय न घेता वस्तू नुसती या खोलीतून त्या खोलीत, नाहीतर घरातून भाड्याच्या स्टोरेजमध्ये हलवली, की पुढचा सगळा मनस्ताप तिथून सुरू होतो.

एक बेडरूम ‘सामानाची खोली’ करून तिचं दार लोटून घेणं ही सर्रास होणारी चूक आहे. गिऱ्हाईक खोल्या मोजतं. जी खोली दिसलीच नाही, ती त्याच्या हिशेबात धरली जात नाही. बाल्कनी आणि जिन्याखालची जागा यांचंही तेच. माझा साधा आडाखा असा, की प्रत्येक कपाटाचा किमान तिसरा हिस्सा रिकामा दिसला पाहिजे.

दुसरं टोकही वाईट. सगळं हलवून घर अगदी ओकंबोकं केलं, तर खोलीत पलंग बसेल की नाही याचा अंदाज येत नाही आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा नजरेत भरतो. पलंग, बसायची सोय, एखादं टेबल राहू द्या.

सुरुवात कुठून करायची, यात लोक हमखास फसतात. फोटोंच्या पेटीपासून सुरुवात केली की दुपार तिथेच संपते. आधी ज्यात जीव अडकलेला नाही ते काढा: बंद पडलेले मिक्सर, एकाच कामाच्या तीन-तीन वस्तू, डबे नसलेली झाकणं, कशाचे आहेत हे कुणालाच ठाऊक नसलेले चार्जर. निर्णय घ्यायचा सराव झाला की पत्रं आणि फोटो शेवटी हाती घ्या. यासाठी सहा ते आठ आठवडे लागतात असं धरून चाला. शेवटच्या शनिवार-रविवारी उरकू म्हणणारे शेवटी सगळंच खोक्यांत भरतात.

दुसऱ्याच्या वस्तू मात्र त्याला विचारल्याशिवाय टाकू नका. नवऱ्याच्या, सासूबाईंच्या, शिकायला बाहेर गेलेल्या मुलीच्या वस्तूंचं मोल आपल्याला ठरवता येत नाही. फोन करा, फोटो पाठवा, अमुक तारखेपर्यंत सांग म्हणा. जुने फोन, लॅपटॉप देण्याआधी त्यांतल्या ईमेल वगैरे खात्यांतून लॉग आउट करा आणि फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सेटिंगमधून ते पुन्हा नव्यासारखे कोरे करा. फायली नुसत्या डिलीट केल्याने हार्ड डिस्क कोरी होत नाही.

कपाट सरकवलं आणि मागे ओल दिसली, तर ते पुन्हा जागेवर ढकलू नका. वरून रंग लावूनही भागत नाही, पोपडे परत निघतात. पाणी कुठून येतंय ते शोधून दुरुस्त करायला आता हातात वेळ आहे, सौदा ठरताना नसेल.

जाहिरातीसाठी घराचे फोटो काढण्याआधी खोलीत एकदा अनोळखी माणसाच्या नजरेने फिरा. फ्रिजवर चिकटवलेलं मुलांचं शाळेचं वेळापत्रक, टेबलावरचं बँकेचं पाकीट, खिळ्याला टांगलेल्या चाव्या, औषधांच्या पट्ट्या. हे फोटो कुणीही मोठे करून बघू शकतं. दागिने आणि औषधं तर घर दाखवायच्या दिवशीही कुलुपातच हवीत. जो दिवा किंवा आरसा बरोबर न्यायचाय, तो पहिलं गिऱ्हाईक येण्याआधीच उतरवा. छताला टांगलेलं दिसलं की लोक ते घराचाच भाग समजतात, आणि नंतर त्यावरून कटुता येते.

साठवणुकीतल्या चुका

इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे मी गमावलं आहे. आमचं घर विकायला काढलं तेव्हा घरातले जुने अल्बम मी नीट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, खोक्यात घालून स्टोरेजमध्ये ठेवले होते. खोकं जमिनीवर, भिंतीला टेकून. पाच महिन्यांनी उचलायला गेले तर तळ हातात आलाच नाही, पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. आत फोटो एकमेकांना चिकटले होते. आईचा तरुणपणीचा एक फोटो मी घाईने सोलून काढायला गेले आणि तिचा अर्धा चेहरा दुसऱ्या फोटोच्या पाठीवर राहिला.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की तो चिकट होतो आणि वाळला की घट्ट धरून बसतो. असे फोटो कधीही कोरडे ओढू नका. आधी आहे त्या स्थितीत त्यांचा फोटो काढून ठेवा, मग जुन्या पद्धतीने धुतलेले प्रिंट स्वच्छ, गार पाण्यात बुडवून ठेवा. बरेचदा ते आपोआप सुटतात. सुटले की चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. घरच्या प्रिंटरवर छापलेल्या फोटोंना हा उपाय चालत नाही, त्यांची शाई पाण्यात पसरते. आणि खरं सांगायचं तर अल्बम स्टोरेजमध्ये ठेवूच नयेत. ते तुमच्याबरोबर हवेत.

त्या अनुभवातून शिकलेली गोष्ट अशी, की प्लॅस्टिक ओल बाहेर ठेवतं तशी आतली ओल आतच कोंडतं. लाकडी आणि चामड्याच्या फर्निचरला जुनी चादर किंवा सुती कापड घाला. खाली लाकडी पट्ट्या किंवा पॅलेट ठेवून सामान जमिनीपासून उचला, भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. हवेतली आर्द्रता सतत ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, म्हणून जागा भाड्याने घेण्याआधी दार बंद करून आत दोन मिनिटं उभे राहा. कुबट वास आला तर ती जागा घेऊ नका. विमा कुठे लागू होतो हेही तेव्हाच विचारा, घराच्या पॉलिसीत बाहेर ठेवलेलं सामान धरलेलं असेलच असं नाही.

कपडे धुऊन, पूर्ण वाळवून मगच भरा. घामाचे, अन्नाचे डाग कसरीला बोलावणं धाडतात. लोकरीचे कपडे आणि पिसांच्या रजया हवा काढलेल्या पिशवीत महिनोन्‌महिने दाबून ठेवल्या तर त्यांचा फुगीरपणा जातो.

फ्रिज हा सगळ्यात जास्त चुका झेलणारा प्राणी. न्यायच्या आदल्या दिवशी बंद करा, बर्फ वितळू द्या, आतून कोरडा पुसा आणि स्टोरेजमध्ये दाराच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल अडकवून दार किलकिलं ठेवा. बंद दाराआड ओल राहिली की आत काळी बुरशी येते. उभाच न्या. आडवा न्यावा लागलाच, तर निदान तितकाच वेळ, आणि शक्यतो पूर्ण दिवस, उभा ठेवून मग सुरू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल जागेवर यायला तेवढा वेळ द्यावा लागतो. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचे ड्रम बांधून ठेवणारे बोल्ट जपून ठेवले असतील तर हलवण्याआधी परत बसवा.

रिमोट, घड्याळं, खेळणी यांतले सेल काढा. राहिले आणि पाझरले, तर हातमोजे घालून, पांढरा थर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसता येतो. लॅपटॉप, पॉवर बँक यांच्या लिथियम बॅटऱ्या निम्म्या चार्जवर आणि उन्हापासून लांब ठेवा. रंगाचे डबे, थिनर, गॅस सिलिंडर स्टोरेजमध्ये अजिबात नको.

पुस्तकं लहान खोक्यात, एका खोक्याचं वजन १५ किलोच्या आसपास. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की कंबर तरी जाते नाहीतर तळ तरी. पलंग सुटा केला की त्याचे स्क्रू लगेच पिशवीत घालून ती पिशवी त्याच पलंगाच्या पट्टीला चिकटवा. ‘स्क्रूंची एक वेगळी पिशवी’ ही कल्पना ऐकायला छान, पण नव्या घरात पहिल्या रात्री गादी जमिनीवर घालायची पाळी तिच्यामुळेच येते.

खोक्यावर ‘इतर’ असं कधीच लिहू नका. नंबर घाला आणि वहीत किंवा फोनमध्ये नंबरापुढे आतल्या वस्तू लिहा, बंद करण्याआधी एक फोटो. नंबर खोक्याच्या बाजूंवर घाला, वर घातला तर रास रचल्यावर दिसत नाही. मधून चालायला वाट ठेवा, कारण जे लागतं ते हमखास सगळ्यात मागे असतं. घराची मूळ कागदपत्रं, ओळखपत्रं, विम्याचे कागद खोक्यात घालूच नका. सौदा पुढे सरकला की तीच कधीही मागितली जातात.

आणि जी उपकरणं घराबरोबर नव्या मालकाकडे जाणार, त्यांची माहितीपत्रकं, वॉरंटीचे कागद आणि जादा चाव्या आवराआवरीत फेकल्या जातात. आजच एका पाकिटात घालून स्वयंपाकघरातल्या वरच्या ड्रॉवरमध्ये ठेवा, आणि पाकिटावर कुठली चावी कशाची ते लिहा.