वाचायला अडणाऱ्या मुलांसोबत काम: बडोद्यातले माझे पहिले दिवस

बी.एड. स्पेशल एज्युकेशन झालं, आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा) नोंदणी नंबर हातात आला की वाटतं आता आपल्याला सगळं येतं, मला तरी वाटलं होतं बाई. (नंबर मात्र घ्याच, त्याशिवाय हे काम करता येत नाही.) दांडिया बाजारात राहणारा पहिला मुलगा आला, तिसरीतला, घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळा इंग्लिश मीडियम. मी लगेच वर्कशीट काढल्या, एकेक अक्षर दहादा लिही. पठ्ठ्याने मोत्यासारखं लिहिलं आणि वाचायला एक शब्द येईना! गिरवणं म्हणजे त्याच्यासाठी नुसतं चित्र काढणं होतं, हे कळायला मला दोन महिने लागले.

मग वही बंद, सगळं तोंडी. बटाटा म्हण, ब-टा-टा, किती टाळ्या? कमळमधला क काढ, काय उरलं? हे त्याला मराठीतही जमेना, तेव्हा कुठे लक्षात आलं की अडचण इंग्लिशची नाहीच, आवाज सुटे करण्यातच आहे. उलट नंतरची एक मुलगी हेच फटाफट करायची, तिला इंग्लिश फक्त कोणी नीट शिकवलं नव्हतं. म्हणून सांगते, मूल ज्या भाषेत भांडतं त्या भाषेत आधी तपासा.

अक्षरांचे घोळ वेगळेच. गुजरातीत र आणि दोनचा आकडा, प आणि पाचचा आकडा जवळजवळ सारखे, आपल्याकडे घ-ध, भ-म. आणि पहिली वेलांटी, लिहायची अक्षराच्या आधी, बोलायची नंतर! पण तेवढ्यावरून डिस्लेक्सिया (हुशार असूनही वाचन-लेखनात अडणं) म्हणून मोकळे होऊ नका, ते सायकॉलॉजिस्टच्या टेस्टनंतर. आधी कान-डोळे तपासून आणायला सांगा, बोलणंच अस्पष्ट असेल तर स्पीच थेरपिस्ट. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे, सर्टिफिकेट असलं तर सीबीएसई बोर्डात ३ तासांच्या पेपरला १ तास जास्त मिळतो.

शाळा कधीकधी पालकांना सांगते, घरी मराठी बंद करा, गोंधळतो तो. अजिबात ऐकू नका, दोन भाषांमुळे हे होत नाही, आणि आजीशी बोलणं तुटतं ते वेगळंच.

एक करा, दर महिन्याला तोच परिच्छेद वाचून घेऊन फोनमध्ये रेकॉर्ड करा. आई म्हणाली "काहीच फरक नाही", की जूनचं ऐकवायचं. माझ्या त्या पहिल्या मुलाने दिवाळीनंतर स्वतःचं जूनचं ऐकलं आणि म्हणाला, "टीचर, हे डिलीट करा ना."