बँकेचं मशीन आणि सांगलीचा नंबर : इंग्लंडला निघालेल्यांसाठी

महिनाभर सांगलीत आहे, विश्रामबागेत, आईकडे. सप्टेंबरला निघणारी पोरं-पोरी एकेक करून भेटायला येतात. थंडी किती, तांदूळ मिळतो का, खोली कशी शोधायची, सगळं विचारतात. बँकेचं मात्र कुणी विचारत नाही, कारण इथं यूपीआयनं सगळं चुटकीसरशी होतं. मी 2008 साली लेस्टरला गेले, आणि पहिल्या वर्षी घरच्या आठवणीच्या खालोखाल मला कशानं रडवलं असेल तर बँकेच्या त्या छोट्या मशीननं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तिकडं ऑनलाइन बँकेत लॉगिन करायला किंवा कुणाला नव्यानं पैसे पाठवायला या मशीनवर येणारा कोड टाकावा लागतो. अशी मशीनं दोन प्रकारची असतात, आणि त्यांची गल्लत झाली की त्रास सुरू होतो. पहिलं कार्ड रीडर. दिसायला साध्या कॅल्क्युलेटरसारखं, खालून डेबिट कार्ड खुपसायचं. बार्कलेज बँकेचं पिनसेंट्री याच जातीचं, 2007 पासूनचं. या मशीनला ना इंटरनेट, ना सिम, ना तुमची काही ओळख. पिन तपासते ती कार्डावरची चिप, आणि कोडही तिच्याच जोरावर तयार होतो. त्यामुळे रीडर हरवला तर घाबरू नका, दुसरा मागवा. कार्ड आणि पिन मात्र जपा. दुसरा प्रकार म्हणजे कार्ड न लागणारी किल्ली, एचएसबीसीची सिक्युअर की असते तशी. ती तुमच्या एकट्याच्या नावाशी जोडलेली असते, तिचा पिन वेगळा असतो, आणि बॅटरी संपली की आपल्याला सेल बदलता येत नाही. स्क्रीन फिकी पडायला लागली की त्याच आठवड्यात नवी मागवायची. पूर्ण बंद पडेपर्यंत थांबलात तर लॉगिनच अडतं.

आता नवीन माणूस हमखास अडकतो ती जागा. मशीन पोस्टानं येतं, बँकेत नोंदवलेल्या पत्त्यावर. पहिल्या वर्षात आपण दोन-तीन खोल्या बदलतो. माझं मशीन जुन्या घरी गेलं. तिथं सहा जणांत मिळून एक टपालाची फट होती, पाकीट कुणी उचललं कळलंच नाही. पत्ता बदलायला लॉगिन हवं, लॉगिनला मशीन हवं, आणि मशीन जाणार जुन्याच पत्त्यावर. फोनवर पाऊण तास ताटकळले, बाई गोड बोलत होत्या, पण काम झालं नाही. शेवटी पासपोर्ट आणि नव्या घराचा करार घेऊन शाखेत गेले तेव्हा सुटका झाली. खोली बदलली की नव्या घराची चावी हातात पडल्याच्या दिवशी बँकेतला पत्ता बदला, सामान नंतर लावा.

पिन तीनदा चुकला की चिप लॉक होते. मग रीडरमध्ये कितीही वेळा घाला, उपयोग नाही. तिकडच्या एटीएमवर पिन सर्व्हिसेसमध्ये जाऊन ती उघडावी लागते. हे सांगलीच्या एटीएमवर होत नाही. म्हणून सुट्टीला आल्यावर दोनदा चुकलं की तिसऱ्यांदा हात लावू नका.

काही वर्षांपूर्वी बाबांना मिरजेला दवाखान्यात ॲडमिट केलं तेव्हा मी इथंच होते. रात्रीचे अकरा, म्हणजे तिकडं संध्याकाळचे साडेसहा. दादानं जमवलेले पैसे संपले होते. मला तिकडच्या खात्यातून पैसे पाठवणाऱ्या कंपनीला रक्कम द्यायची होती. कंपनी खात्यात नव्यानं जोडायची, म्हणजे कोड लागणार. कार्ड माझ्या पर्समध्ये, रीडर लेस्टरच्या ड्रॉवरमध्ये. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी लॅपटॉपवरची ती रिकामी चौकट बघत होते. मग आठवलं, वालचंद कॉलेजातली एक मैत्रीण बर्मिंगहॅमहून माधवनगरला माहेरी आली आहे. तिची बँक वेगळी, पण तिच्या भावानं मोटरसायकलवरून तिचा रीडर आणून दिला. माझं कार्ड घातलं, साइन दाबलं, पिन टाकला, कंपनीचा खातेनंबर आणि रक्कम भरली, आणि आठ आकडे आले. चालले. बऱ्याच बँकांचे रीडर एकाच पद्धतीवर बनलेले असल्यानं एकमेकांचे चालतात, हे मला त्या रात्री कळलं. तेव्हापासून एक रीडर कायम सांगलीच्या कपाटात ठेवलेला आहे.

आता बहुतेक बँका हेच काम फोनवरच्या ॲपनं करू देतात, आणि ते सोपं आहेच. पण फोन हरवला किंवा नवा घेतला की ॲप पुन्हा सुरू करायला बऱ्याचदा हाच रीडर मागतात. ॲप आहे म्हणून मशीन टाकून देऊ नका.

रीडरवरची बटणं : लॉगिनसाठी आयडेंटिफाय, पैसे पाठवायला साइन (काही बँकांत रिस्पॉन्ड), एवढं पक्कं लक्षात ठेवा. कुणी फोन करून ‘मी बँकेतून बोलतोय, साइन दाबा, हे आकडे टाका, काय आलं ते वाचा’ म्हणाला तर तो चोर. ते आकडे म्हणजे तुमची सही. फोन ठेवा आणि तिकडच्या फोनवरून 159 लावा, बहुतेक मोठ्या बँकांशी तो नंबर जोडून देतो. इकडं आई-बाबांच्या बाबतीत असं झालं तर 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. हे दोन्ही नंबर घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

इकडच्या बँकेचं गाडं अडतं ते ओटीपीवर. सांगलीचा मोबाईल नंबर बंद पडला की इथलं खातंही तुमच्या हाताबाहेर जातं. घरच्यांना सांगून रिचार्ज चालू ठेवा. परदेशी राहायला गेल्यावर साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यावं लागतं. शाखेत जाल तेव्हा ब्रिटनचा मोबाईल नंबर जोडून यूपीआय मिळतं का तेही विचारा. 2023 पासून एनआरई (परदेशातली कमाई ठेवायचं खातं) आणि एनआरओ खात्यांना तशी परवानगी आहे, पण आपली बँक देते का ते बघावं लागतं. ओटीपीचे मेसेज तिकडं यावेत म्हणून रोमिंग सांगलीतच सुरू करून घ्या. विमानतळावर उतरल्यावर ते सुरू करायला गेलात तर खात्री पटवण्यासाठी मेसेज येणार तो त्याच बंद नंबरावर.