ग्रीन हायड्रोजनचा प्रोजेक्ट रिपोर्ट करताय? या चुका टाळा

‘सरकारच्या ग्रीन हायड्रोजन मिशनमध्ये १९,७४४ कोटी आहेत म्हणे, आपल्या वाट्याला किती येतील?’ रिपोर्ट तपासायला घेतला की उद्योजकाचा पहिला प्रश्न हाच. बहुतेक वेळा रिपोर्टमधली पहिली चूकही तिथेच सापडते.

अनुदान यंत्रावर धरणे. रूफटॉप सोलरची सवय लागल्यामुळे हे होतं. ४ जानेवारी २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमधले १७,४९० कोटी ‘साइट’ या प्रोत्साहन योजनेचे आहेत. इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणारं यंत्र, विकत घेणाऱ्याच्या खात्यात ते येत नाहीत. देशात इलेक्ट्रोलायझर बनवणाऱ्याला किलोवॅटमागे आणि हायड्रोजन बनवणाऱ्याला किलोमागे पैसे मिळतात, तेही बोली जिंकली तर. हायड्रोजनसाठी कमाल मर्यादा पहिल्या वर्षी किलोला ५० रुपये, मग ४०, मग ३०. चौथ्या वर्षी काही नाही. जो कमी मागेल त्याचा नंबर आधी. पहिल्या फेरीत शून्यावर बोली लावणारेही निघाले. तेव्हा दहा वर्षं ५० रुपये धरलेली एक्सेल शीट दिसली, तर ती परत करा. एका किलोला ५० ते ५५ युनिट वीज लागते. पाच रुपये दर धरला तरी नुसती वीजच अडीचशेच्या घरात जाते!

दिवसा सोलर, रात्री ग्रिड. कागदावर हे फार सोयीचं दिसतं, कारण यंत्र चोवीस तास चालतं. पण ग्रीन हायड्रोजनच्या ऑगस्ट २०२३ च्या केंद्रीय व्याख्येत रंग नाही, हिशोब आहे: एक किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त २ किलो कार्बन डायऑक्साइड, बारा महिन्यांची सरासरी. आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो उत्सर्जन होतं. म्हणजे ५२ युनिटांतली फक्त तीन ग्रिडची आली, तरी २.१ किलो होऊन तुम्ही बाद. सगळीच वीज ग्रिडची घेतली तर आकडा ३६ च्या पुढे जातो. नैसर्गिक वायूपासून बनवलेला, ज्याला आपण नावं ठेवतो तो हायड्रोजनसुद्धा ९-१० किलोत भागवतो.

यावर उपाय आहे. नियमाप्रमाणे ग्रिडकडे बँक केलेली, म्हणजे आधी ग्रिडला देऊन नंतर परत घेतलेली, स्वतःची सौर किंवा पवन वीज अक्षय ऊर्जा म्हणूनच धरली जाते. फक्त बँकेतली वीज आणि नेहमीच्या बिलाची वीज यांचा हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. पाणी शुद्ध करणारा प्लांट आणि कॉम्प्रेसर दुसऱ्या मीटरवर टाकून सुटका होत नाही, त्यांची वीजही याच हिशोबात येते.

पॉलिसी आणि मिशन एकच समजणे. फेब्रुवारी २०२२ ची ग्रीन हायड्रोजन पॉलिसी ऊर्जा मंत्रालयाची. तिची मुख्य सवलत म्हणजे २५ वर्षं आंतरराज्य पारेषण शुल्क माफ. यातला ‘आंतरराज्य’ हा शब्द लोक गिळून टाकतात. सोलर सोलापुरात आणि कारखाना तळोज्यात, असा एक रिपोर्ट माझ्याकडे आला होता, आणि त्यात ही माफी बिनधास्त धरलेली! वीज राज्याबाहेर गेलीच नाही, तर माफी कशाची? तिथे जुलै २०२३ चं महाराष्ट्राचं धोरण बघायचं: पारेषण शुल्कात ५० टक्के, व्हीलिंगमध्ये (वितरण जाळ्यातून वीज नेण्याच्या शुल्कात) ६० टक्के सवलत, दहा वर्षं.

पाण्याचा आकडाही जपून लिहा. रसायनशास्त्राप्रमाणे किलोला ९ लिटर, पण शुद्धीकरणात वाया जाणारं धरलं तर बरंच जास्त.

२०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन, हे उत्पादनाचं लक्ष्य आहे. त्याला तुमची ऑर्डर समजू नका. आज हायड्रोजन वापरतात ते मुख्यतः रिफायनऱ्या आणि खत कारखाने. त्यांच्यापैकी कुणाचं तरी खरेदीपत्र हातात असल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

आणि साठवणुकीची परवानगी शेवटी घेऊ, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सिलिंडर आणि दाबाच्या टाक्यांचं काम पेसो या केंद्रीय सुरक्षा संस्थेकडे असतं. टाकीची जागा ठरवण्याआधीच नकाशा त्यांच्या नियमांवर तपासून घ्या, नाहीतर झालेलं फाउंडेशन फोडावं लागतं. मुख्यालय नागपुरात आहे, एवढंच आपलं नशीब.